निळा टप

३ नोव्हेंबर, सोमवार

द्वारकेने ही डायरी पुढ्यात आपटली आणि म्हणाली, "अहो, जे काय बोलायचंय ते यापुढे यात बोला. माणसं तुटायला लागलीत." डायरी २०१४ सालची, कुठल्याशा विमा एजंटाने दिलेली, कोरी. पण तिचे तारीख-वार यंदाच्या सालाशी तंतोतंत जुळतात, हे मी बारा महिने पडताळून पाहिलं. म्हणून लिहितोय. नवी विकत आणली असती तर एक अक्षर लिहिलं नसतं.

पहिल्या पानावरचे रकाने भरले. नाव महिपती, वय अडुसष्ट. धंदा: गाड्यांचे कापडी टप, म्हणजे वरची छपरं, शिवणे. दुकान स्वारगेटहून मंडईकडे येताना डाव्या हाताच्या बोळात, चव्वेचाळीस वर्षं. रक्तगट माहीत नाही, कुणी मागितला नाही. चष्मा या रकान्यात 'नाही' लिहिलं. दोन वर्षांपूर्वी होता, आता सुटला. सुई बिनचष्म्याची ओवतो. आमच्या पिढीने खाल्लेलं तूप, दुसरं काय.

आज झालं एवढंच, की कापडवाल्यांचा विक्रेता नमुने घेऊन आला. पांढरं म्हणून त्याने जे दाखवलं ते चहावाल्याच्या फडक्याइतकं पिवळट होतं. मी ते त्याच्या अंगावर फेकलं आणि "हे तुझ्या लग्नात नेस" म्हणालो. तो निघून गेला. माल चांगला राहिलेला नाही आणि माणसंही नाहीत, मग फेकायचं नाही तर काय पूजा करायची?

ही बातमी घरी सुनेने नेली असणार. अपेक्षा तिचं नाव, माहेर वर्ध्याकडे. मुलगा विश्वजीत चाकणला कारखान्यात जातो आणि ही दुकानात माझ्या समोर बसून सीटकव्हरं शिवते. पाडव्याला ओवाळून झाल्यावर म्हणाली, "बाबा, दुकान मले चालवू द्या ना." विश्वजीतला ते मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने द्यायचंय. मी सांगितलं, पुढचा मोठा टप शिवून झाला की ठरवीन. टपाच्या धंद्याला कापडाची पारख लागते. ती यायला जन्म जातो, आणि हिला आमच्याकडे येऊन चार वर्षं झालीत.

५ नोव्हेंबर, बुधवार

मोठा टप आला. रविराज नावाचा पोरगेला माणूस, गळ्यात साखळी, दोन हातांत दोन फोन. कात्रजच्या पुढे यांची शेती होती. आता तिथे इमारती आहेत आणि यांच्याकडे गाड्या. त्यातली एक विलायती, दोन दारांची, जुनी, वरचं छप्पर कापडाचं आणि मागे दुमडणारं. बहीण शेफाली, तिचं लग्न तीस तारखेला. नवरा-नवरी यातून जाणार.

"मास्तर, नेव्ही ब्लू पाहिजे. ब्लॅक अजिबात नको, कॉमन वाटतो. आबांनी पण निळाच सांगितलाय."

"कापड आधी आठ दिवस उन्हात ठेवीन. मग कोणतं ते सांगीन."

"आठ दिवस? ऑनलाइन दोन दिवसांत घरी येतं, मास्तर."

"मग टपही ऑनलाइनच घाला."

तो हसला. हल्ली कुणाला अपमानही कळत नाही. गाडी मात्र ठेवून गेला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जुना टप उतरवला. किळस या शब्दाचा अर्थ ज्याला पाहिजे त्याने येऊन बघावा. आतल्या अस्तरात उंदराचं घर, त्यात शेंगांची टरफलं, कुणाची तरी केसांची पिन, आणि एक मेलेलं पिल्लू वाळून चामड्यासारखं झालेलं. वरून कबुतरांची विष्ठा, खालून बुरशी. वास असा की दुपारी जेवताना भातालाही तोच येत होता. बोटांनी दाबलं की कापडातून काळं पाणी निघे. एवढी महाग गाडी आणि डोक्यावर हे घेऊन फिरत होते.

अपेक्षाने नाकाला ओढणी बांधून सगळं उचललं, चुना टाकला, धुतलं. मी म्हटलं, जमिनीवर अजून डाग आहेत. म्हणाली, "नाही बाबा, गेले सगळे." मला दिसत होते. सगळीकडे पिवळट थर होता. वाद घातला नाही, कारण डायरी आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

घराच्या गच्चीवर सहा नमुने मांडले. ही माझी पद्धत. प्रत्येक तुकडा अर्धा विटेखाली, अर्धा उन्हात. आठ दिवसांनी वीट उचलायची. झाकलेला भाग आणि तापलेला भाग यात फरक दिसला तर ते कापड टपाच्या लायकीचं नाही. कंपनीच्या छापील कागदावर भरवसा ठेवणाऱ्यांचे टप दुसऱ्या उन्हाळ्यात विटतात.

खाली आलो तर हॉलच्या भिंती पिवळ्या. दिवाळीला पांढरा रंग देऊन अजून महिना नाही. तोही दुसऱ्यांदा दिलेला, कारण पहिला मी पसंत केला नव्हता. रंगाऱ्याला फोन लावून जे तोंडाला आलं ते बोललो. तो म्हणाला, "काका, तुमच्या घरी मी आता फुकट पण येणार नाही." नको येऊस. द्वारका कपडे धुते तेही आताशा असेच, मळकट. साबण बदल म्हटलं तर आत निघून गेली. दूधही पिवळं येतं. म्हशीचं म्हणून गाईचं देत असतील.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज कळस झाला. रविराजची आई आणि मावशी आल्या, थेट लक्ष्मी रोडवरून, बस्ता बांधून. यांच्याकडे लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत, एका दुकानातून घ्यायचा रिवाज आहे. नवरीच्या शालूपासून आचाऱ्याच्या टोपीपर्यंत. त्या बैठकीत यांना गाडी आठवली. तिच्यासाठीही कापड आणलं. शालूच्या काठाला जुळणारं, जरीचं, मोरांचं.

"ह्याचाच टप करा. पोरगी आन् गाडी एका रंगात दिसली पायजे," मावशी म्हणाली.

मी एक धागा ओढून पेटत्या काडीवर धरला. सुरकुतून गोळा झाला, जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. "हे गाडीवर घातलं तर नवरी सासरी पोचेपर्यंत मोर वितळून तिच्या मांडीवर येतील," मी म्हणालो.

मावशीला राग आला. आई रडायच्या बेतात. मग आमची सून उठली. त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "मावशी, याले चुण्या घालून छान फुगे बांधू ना आपण दारांच्या कड्यांले. टपापेक्षा ते जास्त उठून दिसतात." दोघी एकदम खूश. जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. गोड बोलून गिऱ्हाइकाला आंजारणं हे मला कधी जमलं नाही आणि जमवायचंही नाही. मला शिसारी आली.

१६ नोव्हेंबर, रविवार

विटा उचलल्या. दोन, तीन, चार आणि सहा नंबर विटलेले, तपकिरी झालेले. अपेक्षा म्हणाली, फक्त दोन आणि सहा. मी म्हटलं, तुला काय कळतं. मग बाकीच्या परीक्षा केल्या. पाणी ओतून पाहिलं, उलट बाजूने तोंड लावून हवा फुंकली, घडी घालून वर वीट ठेवली आणि सुरकुती किती वेळ राहते ते मोजलं. पाच नंबर सगळ्यांत उतरला. हाताला लगेच कळलं, आत रबर एकसारखं आहे. तिनेही पाचच निवडला होता. आंधळ्याचा दगडही कधी कधी लागतो.

कंपनीला कळवलं, पाच नंबर, गडद निळा, एक तागा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तागा आला. फळीवर ठेवला, काळ्याशेजारी. त्याच पोताचं कापड काळ्या रंगात मी जीपवाल्यांसाठी नेहमी ठेवतो.

मधला पट्टा आज कापला. लांबीचा अंदाज मी अजून नजरेने घेतो, पट्टी नंतर फक्त खात्रीला. अर्धा बोटभरही फरक पडला नाही. हे कुणाला शिकवून येत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बाजूचे दोन्ही तुकडे कापले आणि मधल्याला जोडले. दुहेरी शिवण, सरळ रेघ. जोडून होतंय तोवर सूनबाई मागे उभी.

"बाबा, बाजूचे कोणत्या ताग्यातले घेतले?"

"लग्नाच्या गाडीसाठी आणलेल्या. कोणत्या म्हणजे?"

"नाही, म्हणजे... उजेडात पाहता काय जरा?"

चव्वेचाळीस वर्षं टप शिवणाऱ्याला ही विचारते कोणता तागा! मी कात्री खाली ठेवली आणि सांगितलं, या टपाला हात लावायचा नाही. तिने मान खाली घातली. एक वाजला होता. शटर ओढलं. शटरवरची पाटी माझ्या हातची आहे: 'दुकान दुपारी १ ते ४ बंद. शटर वाजवू नये. वाजवल्याने उघडत नाही.' इतक्या वर्षांत मी एकदाही त्या वेळेत दुकानात पाऊल टाकलेलं नाही, हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. अपेक्षा म्हणाली, मंडईतून भाजी घेऊन येते. रोजच तिची भाजी राहिलेली असते. तीन तास लागतात हिला मेथीची जुडी निवडायला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चार वाजता दुकान उघडलं तर मशीनची मोटर कोमट. खुर्चीही खाली केलेली. माझे गुडघे टेकले तेव्हा लक्षात आलं. जमिनीवर दोऱ्याचे बारीक तुकडे. हे काही आजचं नाही, गेली दोन वर्षं अधूनमधून चाललंय. आधी उंदीर म्हणत होतो, पण उंदीर खुर्ची खाली करत नाही. ही दुपारी येऊन शेजारणींची पोलकी शिवत असणार, माझ्या मशीनवर. सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं ते वेगळं.

द्वारकाही आताशा विचित्र वागते. दुपारी ताकाचा दुसरा पेला आग्रहाने देते, वर भात वाढते, पडल्यावर पांघरूण घालून खिडकी लावून घेते. "झोपा निवांत, चारला मी उठवते." एरवी या बाईने मला कधी उरलेली पोळीही आग्रहाने वाढलेली नाही. म्हातारपणी प्रेम उतू जातं म्हणतात, तसं असेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रागात लिहितोय, अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

शेजारच्या इमारतीत ड्रिल सुरू होतं, झोप लागेना. द्वारका अडवत असताना चप्पल घातली आणि दुकानावर गेलो. शटर अर्धं वर. आत अपेक्षा, माझ्या मशीनवर. मांडीवर रविराजचा टप. माझी दुहेरी शिवण तिने टाक्याटाक्याने उसवली होती. एका बाजूचा माझा तुकडा काढून तिथे दुसरा लावला होता. माझा तुकडा जमिनीवर पडलेला.

"हे काय आहे?"

ती उभी राहिली. रडली नाही. "बाबा, मधला निळा आहे. बाजूचे तुम्ही काळे लावले. रविराजभाऊंनी काळा नको म्हटलं होतं ना."

मी दोन्ही तुकडे बाहेर नेले, उन्हात धरले. एकच रंग! धडधडीत एक रंग! मी तिला म्हणालो, दुकान मिळत नाही म्हणून माझं काम नासतेस, म्हणजे म्हाताऱ्याला येत नाही असं जगाला दाखवायचं. आणखीही बोललो. ते लिहीत नाही. किल्ली तिच्या हातातून घेतली.

"एक वेळ आईले विचारा," एवढंच म्हणून ती गेली.

घरी विचारलं नाही. द्वारकाच आली. "अहो, एकदा ऐका तिचं. तुमचं काम मोडायला पोरगी स्वतःची दुपार कशाला जाळेल?" मी ताट सरकवलं. विश्वजीतला निरोप दिला, एक जानेवारीपासून दुकान मोबाइलवाल्याला दे. शिवणीत हात घालणारा माणूस ताटातही हात घालतो. मला या घराचा वीट आलाय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तिने लावलेला तुकडा उसवून माझा पुन्हा लावला. तीन दिवस एकट्याने. तिची शिवण उसवताना वेळ लागला. बारीक आणि घट्ट होती, हे कबूल करतो. माझ्यासारखीच दुहेरी, शेवटी माझ्यासारखीच उलटी गाठ. शिकवली मी नव्हती.

गाडी उजेडातच द्यायची हा माझा नियम, पण रविराजचा ड्रायव्हर आला तेव्हा दिवे लागले होते. बसवून दिला. ड्रायव्हर फोनवर बोलत होता, त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. रस्त्यावर समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याला चहूबाजूंनी केस फुटलेले. हल्ली दिवेसुद्धा नीट बनवत नाहीत.

टप ताणून बसला होता, ढोलकीसारखा. शेवटचा टप म्हणून मी त्यावरून एकदा हात फिरवला.

३० नोव्हेंबर, रविवार

लग्नाला आग्रहाचं बोलावणं होतं, एकटाच गेलो. द्वारका म्हणाली पाय दुखतात. मंगल कार्यालय म्हणजे चार एकरांचं लॉन. जेवणाच्या टेबलांवर चायनीज, पास्ता, पुरणपोळी शेजारी शेजारी. सांडलेलं तुडवत लोक पुढच्या टेबलाकडे पळत होते. मला दोन घासही गेले नाहीत.

गाडी फाटकाजवळ, भर दुपारच्या उन्हात. टप वर केलेला, दारांच्या कड्यांना ते मोरांचे फुगे. भोवती माणसं होती. मी हात मागे बांधून उभा राहिलो, कुणी विचारलं तर सांगायला. दोन पोरी फोटो काढत होत्या. एक म्हणाली, "हे साइडला ब्लॅक का आहे? पॅच मारलाय का?" दुसरी म्हणाली, "जुगाड असेल." रविराज लांबून मला बघत होता आणि जवळ येत नव्हता.

मग त्याचे वडील आले, आबा म्हणजे रावसाहेब. फेटा, पांढरं धोतर. माझ्या मते पिवळं. माझ्याच वयाचे.

"मास्तर, काम झ्याक हाय. पर आपन निळा सांगितला व्हता न्हवं? ह्यो मदी निळा आन् दोन्ही बाजूंनी काळा. तशी फॅशन हाय का?"

मी म्हणालो, "अख्खा निळा आहे. डोळे तपासून घ्या एकदा."

ते रागावले नाहीत. माझ्या तोंडाकडे निरखून बघत राहिले. मग दंडाला धरून मला मांडवाच्या कडेला नेलं. "तपासलं. गेल्या साली दोन्ही डोळं कापलं. आदूगर मला बी असंच. दुधात हळद दिसायची. सून धोतार धुवत न्हाई म्हनून म्या चारचौघांत तिचा पानउतारा केला. दिव्यांला केस दिसत्यात का तुमाला?"

मी परत गाडीकडे निघालो, त्यांनी दंड सोडला नाही.

"चष्मा सुटला आसंल की आपसूक?"

त्यांनी स्वतःच्या हाताने मला पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "टप राहू द्या. लगीन काय टपावर आडत न्हाई." ते चांगुलपणाने बोलले आणि तेच सहन झालं नाही. चव्वेचाळीस वर्षांत माझ्या कामावर कुणी दया दाखवली नव्हती. कुणाचा निरोप न घेता निघालो. स्वारगेटपर्यंत बसमध्ये उभाच होतो. जागा होती.

१ डिसेंबर, सोमवार

लिहिण्यासारखं काही नाही. दुकान उघडलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

कुणाला न सांगता डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर मुलगी, नात शोभेल एवढी. दिवा मारून म्हणाली, "आजोबा, मोतीबिंदू चांगलाच पिकलाय, दोन्हीकडे. उशीर केलात. रंग कळायचे नाहीत तुम्हाला, निळा आणि काळा तर मुळीच नाही. आणि हो, चष्मा सुटणं हे त्याचंच लक्षण असतं." मी म्हटलं, मला वाटलं तूप. ती हसली. बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसलो, एकेक आठवत. विक्रेता. रंगारी. दूधवाला. साबण.

घरी येऊन द्वारकेला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "माहीत आहे," म्हणाली. "सकाळी नळावर जाताना तुमची एक चप्पल काळी आणि एक निळी असते, वर्ष झालं."

१२ डिसेंबर, शुक्रवार

बुधवारी उजवा डोळा झाला. काल पट्टी निघाली. हे डाव्या, जुन्या डोळ्याने लिहितोय. नव्याला लांबचं दिसतं, जवळचं नाही. चष्मा परत लागणार.

पट्टी निघाल्यावर पहिलं दिसलं ते द्वारकेचं पातळ. निळं. असा निळा रंग जगात अजून आहे, हे मी विसरलो होतो. घरी येऊन हॉलमध्ये उभा राहिलो. डावा डोळा मिटला, भिंत पांढरी. उजवा मिटला, पिवळी. डावा, पांढरी. उजवा, पिवळी. शाळकरी पोरासारखा किती वेळ तेच करत होतो. बिचाऱ्या रंगाऱ्याने दोन्ही वेळेस पांढराच दिला होता. म्हणजे मळ भिंतीवर नव्हता, दुधात नव्हता, धुण्यात नव्हता. दोन वर्षं मी माझाच मळ लोकांना दाखवत होतो आणि वर नाक मुरडत होतो.

द्वारकेचे केस पूर्ण पांढरे झालेत. हे कधी झालं?

१५ डिसेंबर, सोमवार

आज दुकान उघडलं. उजव्या डोळ्याने आत पाहिलं आणि खरी घाण दिसली. मशीनच्या कडेला तेलाचा राप, फळ्यांवर कोळिष्टकं, माझ्या बसायच्या जागेवर चव्वेचाळीस वर्षांचा घाम. जी होती ती कधी दिसली नाही आणि नव्हती ती दिसत होती. सुनेचा कोपरा तेवढा स्वच्छ.

दोन्ही तागे उन्हात नेले. एक निळा, एक काळा. लहान मुलालाही कळेल.

अपेक्षा तीन आठवडे दुकानात आलेली नव्हती. घरी जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो. माफी मागायचा सराव नाही, म्हणून विचारलं, "आतापर्यंत माझे किती टप उसवलेस?"

"मोजले नाही बाबा."

"अकरा," द्वारका आतून म्हणाली. "मी मोजलेत. अकरा टप, दुपारी एक ते चार. डबा मी द्यायचे."

अकरा! रिक्षावाले, जीपवाले येऊन 'मास्तर, हात अजून तसाच आहे' म्हणायचे, तो हात हिचा होता. मी खाली बसलो. "सांगितलं का नाही?"

"दिवाळीत सांगितलं होतं," द्वारका म्हणाली. "डोळे दाखवा म्हटलं, तर तुम्ही ताट फेकलंत. शिवाय दुकान बंद करून घरी बसला असतात, तर दिवसभर माझं डोकं खाल्लं असतंत. त्यापेक्षा ताक स्वस्त."

अपेक्षा हळूच म्हणाली, "रंग मले दिसतात बाबा. पण हात लावून कापड सांगणं अजून येत नाही. पाच नंबर तुम्ही फुंकून काढला. मी तर नुसता रंगावरून निवडला होता."

माझी लाज माझ्याच हातात देऊन वर तिने माझा मान ठेवला. मला रडू आलं. नव्या डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, ते द्वारकेनेच पुसलं.

२० डिसेंबर, शनिवार

रविराजला फोन केला, गाडी पाठव म्हटलं. "अहो मास्तर, सोडा ना," म्हणाला. मी म्हटलं, माझ्या नावाचा काळा पट्टा गावभर हिंडवू नकोस. गाडी आली. बाजूचे दोन्ही तुकडे अपेक्षाने नव्याने कापून लावले, माझ्यासमोर, शटर पूर्ण वर करून. मी शेजारी बसून कापड ताणून धरलं आणि कुठे ढिलं आहे ते बोटाने सांगितलं. एकदा चुकली, मी ओरडलो. मग एकदा मी चुकलो आणि ती ओरडली.

मोबाइलवाल्याला विश्वजीतने नाही कळवलं. त्याचं तोंड पडलंय. पडू दे, तो चाकणला असतो.

टप बसल्यावर भर उन्हात पाहिला. गडद निळा, अख्खा एका रंगाचा. डावा डोळा मिटून बराच वेळ पाहिला. गाडी न्यायला रावसाहेब स्वतः आले होते. टपाकडे न बघता माझ्या डोळ्याकडे बघून म्हणाले, "आता घरच्यांस्नी गोड बोला. लई जड जातंय, पर बोला." गोड बोलणं काही जमायचं नाही. दुसरं काहीतरी करावं लागेल.

२२ डिसेंबर, सोमवार

दुसरा डोळा जानेवारीत. तोवर दोन्ही जगं वापरतोय. राग आला की डावा उघडतो.

दुपारी एकला शटर ओढलं नाही. पत्र्याची जुनी पाटी उतरवली, घासली, आणि मागच्या बाजूने नवी रंगवली. अक्षरं मोठी, म्हणून चष्मा नसतानाही जमलं:

'दुकान दुपारी १ ते ४ उघडे. कारागीर याच वेळेत भेटतील. इतर वेळी फक्त मी असतो.'

रंग निळा घेतला. उजव्या डोळ्याने तपासला, आणि तरी डबा उघडण्याआधी अपेक्षाला विचारून घेतलं.